सॉफ्टवेअर सिंथच्या प्रीसेटवर चालणारा दीड लाखाच्या वरचा स्टेज कीबोर्ड घ्यावा का?

दुधनाकाठ (परभणी):

सर्व वादक मंडळींना जय भीम आणि नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. १४ एप्रिलपासून मे महिना संपेपर्यंत भीमजयंतीचे कार्यक्रम, त्यांच्या जोडीला लग्नसराई आणि पुढे गणपती-नवरात्र असा आमचा हंगाम असतो. सध्या माझ्याकडे रोलंडचा एक्सपीएस-१० आहे. त्यात शहनाई, बासरी, बॅन्जो, ढोलकी असे लागतील ते देशी टोन मी एका प्रोग्रॅमरकडून भरून घेतलेले आहेत, आणि भीमगीते, कव्वाली, जुनी चित्रपटगीते यांचे काम त्यावर बिनबोभाट चालते.

अलीकडे मात्र आमच्याकडील तरुण गायक-गायिका नव्या चित्रपटगीतांचा आग्रह धरू लागले आहेत. त्या गाण्यांतील पसरट पॅड (मागे लांबवर धरलेले सूर), टोकदार प्लक (छेडलेल्या तारेसारखे तुटक सूर) आणि खोल सिंथ बेस माझ्या कीबोर्डवर वाजवले की गाणे ओळखू येते, पण भरत नाही. म्हणून आर्टुरिया या फ्रेंच कंपनीचा ६१ पट्ट्यांचा ॲस्ट्रोलॅब घ्यावा असे मनात आहे. आपल्याकडे त्याची किंमत दीड लाखाच्या वर जाते. ऑर्केस्ट्राचे मालक निम्मी रक्कम उचल म्हणून द्यायला तयार आहेत. ती पुढे प्रत्येक सुपारीच्या (ठरलेल्या कार्यक्रमाच्या) पैशातून थोडी थोडी कापून घेतली जाईल.

अडचण अशी, की काही मित्र म्हणतात हा कीबोर्ड म्हणजे संगणकावरील सॉफ्टवेअर सिंथचे (प्रोग्रॅमने आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरचे) तयार प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज) पेटीत भरून दिलेले आहेत आणि तेच आवाज लॅपटॉपवर बऱ्याच कमी खर्चात वाजतात. दुसरे म्हणतात, स्टेजवर लॅपटॉपचा भरवसा धरू नये. हे दोन्ही खरे असेल, तर एवढी रक्कम नेमकी कशासाठी मोजायची, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर):

पहिल्या मित्रांचे म्हणणे ही वस्तुस्थिती आहे आणि कंपनीही ती लपवत नाही. ग्रेनोबल येथील ही कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली ती मुळात सॉफ्टवेअरच्याच कामासाठी. मिनिमूग, प्रॉफेट-५, सीएस-८०, ज्युपिटर-८ यांसारख्या जुन्या सिंथेसायझरांच्या आतील सर्किट जसे वागते त्याचे गणित मांडायचे आणि ते गणित संगणकावर चालवून आवाज काढायचा, यावर तिचे नाव झाले. त्या संग्रहातील निवडक आवाज एकत्र करून ॲनालॉग लॅब नावाचे सॉफ्टवेअर बनले, आणि २०२४ मध्ये त्याच सॉफ्टवेअरला पट्ट्या, गोल पडदा आणि स्वतःचा प्रोसेसर जोडून ॲस्ट्रोलॅब बाजारात आला. त्यात सुरुवातीपासूनच १,३०० हून अधिक प्रीसेट आहेत, आणि तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २,००० डॉलर होती.

आता 'पेटीतला संगणक' म्हणून त्याला नाक मुरडायचे असेल, तर तुमच्या एक्सपीएस-१० लाही मुरडावे लागेल, कारण गेल्या चाळीस वर्षांतील जवळजवळ प्रत्येक कीबोर्ड आतून संगणकच आहे. फरक आहे तो त्या संगणकाला दिलेल्या कामाचा. तुमच्या कीबोर्डमध्ये शहनाईचा प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित केलेला नमुना असतो आणि पट्टी दाबली की तो वर-खाली करून वाजवला जातो. म्हणूनच पिच बेंडने (सूर सरकवणाऱ्या कळीने) मोठी मींड घेतली की त्या नमुन्यात मुरलेला कंपसुद्धा जलद किंवा संथ होतो आणि शहनाई एकाएकी खोटी वाटू लागते. मिनिमूगच्या गणितात नमुनाच नसतो. लहर त्या क्षणी घडवली जात असते. त्यामुळे सूर सरकवला तरी आवाजाचा पोत तसाच राहतो. केर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मिनिमूग आणला तेव्हापासून आपल्या कानांना ही सरकती, एका वेळी एकच सूर वाजवणारी लीड (मुख्य धून) परिचित आहे, आणि ती वाजवायची असेल तर गणिताने घडवलेला आवाज नमुन्यापेक्षा निश्चित सरस ठरतो. उलट ढोलकी, शहनाई, बॅन्जो यांच्यासाठी मात्र नमुनाच हवा. तुमचा निम्म्याहून अधिक कार्यक्रम याच वाद्यांवर उभा असेल, तर नवा कीबोर्ड जुन्याची जागा घेणार नाही, त्याच्या शेजारी उभा राहील. म्हणजे दोन कीबोर्ड, दुमजली स्टँड आणि मिक्सरवर आणखी दोन चॅनल, हा हिशेब आधी धरावा.

खरी उणीव मला वेगळीच वाटते. ॲस्ट्रोलॅबवर प्रत्येक प्रीसेटसाठी चमक, पोत, काळ आणि हालचाल असे चार मुख्य नॉब दिलेले आहेत, आणि इफेक्टचे नॉब वेगळे आहेत. त्यापलीकडे एखाद्या आवाजाच्या मुळाशी हात घालायचा असेल, म्हणजे दोन ऑसिलेटरमधील (लहर निर्माण करणाऱ्या भागांतील) अंतर बदलायचे किंवा आवाज गाळणाऱ्या फिल्टरचा उतार बदलायचा, तर संगणकावर ते मूळ सॉफ्टवेअर उघडावे लागते आणि बदललेला आवाज पुन्हा कीबोर्डमध्ये पाठवावा लागतो. एवढी किंमत देऊन वाद्याच्या अंगावर हे करता येऊ नये, हे मला पटत नाही. अकाईचा २०२२ मध्ये आलेला एमपीसी की ६१ हासुद्धा प्लगिन सिंथवरच चालतो आणि किमतीनेही साधारण याच पंक्तीत बसतो, परंतु त्याच्या स्पर्शपडद्यावर आवाज खोलवर बदलता येतात. रोलंडच्या फॅन्टममध्येही ती सोय आहे. तुम्ही आवाज घडवणारे वादक आहात की तयार आवाज निवडणारे, यावर हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा की किरकोळ ते ठरेल.

पैसे देण्यापूर्वी ॲनालॉग लॅबची चाचणी आवृत्ती कोणाच्याही बऱ्यापैकी संगणकावर उतरवून तुमचा सध्याचा कीबोर्ड त्याला यूएसबीने जोडा. आवाज तेच आहेत. नव्या गाण्यांपैकी जी तुम्ही खरोखर वाजवता तेवढीच घेऊन बसा आणि किती प्रीसेट उपयोगी पडतात ते लिहून काढा. माझ्या पाहण्यातील बहुतेक वादकांची ही यादी एका पानाच्या पुढे जात नाही.

गंजगोलाई (लातूर):

पाणचक्की यांनी यंत्राच्या अंगाने उत्तम लिहिले आहे. मी ऑर्केस्ट्रातच हयात घालवलेला वादक असल्याने मंचाच्या अंगाने लिहितो.

सॉफ्टवेअरचे प्रीसेट बनवणारी मंडळी ते अशा तऱ्हेने बनवतात, की माणसाने हेडफोन लावून एक पट्टी दाबली तरी त्याने 'वा' म्हणावे. म्हणून प्रत्येक आवाजात रिव्हर्ब भरपूर, डाव्या-उजव्या कानात फिरणारा डिले आणि तळाशी भरगच्च खर्ज असतो. एकट्याने ऐकताना ते स्वर्गीय वाटते. आता हाच आवाज आपल्या गावाकडच्या मंडपात आणा. बाजूला ऑक्टोपॅडवाला पूर्ण जोरात, बेस गिटार सुरू, गायिकेच्या माइकवर आधीच एको चढवलेला, आणि साउंड सिस्टिम बहुतेक ठिकाणी मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्रच. दोन बाजूंना पसरलेला कोरस एकत्र झाला की त्यातील काही भाग परस्परांना खाऊन टाकतो, पॅड पोकळ होतो. खर्जाचा भाग बेस गिटारशी भांडतो आणि रिव्हर्बमुळे कोणता कॉर्ड वाजला तेही समोरच्याला कळत नाही. ध्वनिव्यवस्थेवर बसलेला माणूस मग सरळ तुमचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरककळ) खाली ओढतो. दीड लाखाचा आवाज त्याच्या बोटाखाली संपतो.

यावर इलाज आहे, पण तो कष्टाचा आहे. प्रत्येक प्रीसेटचा रिव्हर्ब जवळजवळ शून्यावर आणायचा, डिले गाण्याला लागेल तेवढाच ठेवायचा, चमक थोडी वाढवायची आणि तो बदललेला आवाज स्वतःच्या नावाने वेगळा साठवायचा. घरी लहान स्पीकरवर, तेही एकाच स्पीकरवर ऐकून हे करावे. डाव्या-उजव्या दोन्ही वायरी देण्याइतकी मंचावर सोय नसेल, तर निदान असे आवाज निवडावेत जे एका वायरीवरही तग धरतात.

दुसरी गोष्ट लयीची. या प्रीसेटमध्ये आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक आपोआप वाजणे) आणि तालावर बांधलेले डिले पुष्कळ असतात. ते ठरावीक टेम्पोने चालतात. आपल्या ऑर्केस्ट्रात क्लिक (टेम्पोचा टिकटिक ठोका) कानात घेऊन वाजवणारा ऑक्टोपॅडवादक विरळा. केहरवा दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत हमखास चढतो. वादक चढला आणि यंत्र जागेवर राहिले की गाणे फाटते. एकतर ऑक्टोपॅडवरून मिडी क्लॉक (टेम्पोचा संकेत) घेऊन कीबोर्डला त्याच्या ताब्यात द्यावे लागते, किंवा असे आवाज सरळ टाळून प्लक हाताने वाजवावा लागतो. मी दुसरा मार्ग पत्करतो, कारण पहिल्यासाठी ऑक्टोपॅडवाल्याची समजूत काढणे हे कीबोर्ड घेण्यापेक्षा महाग पडते.

ट्रान्सपोजचेही (संपूर्ण कीबोर्डचा सूर वर-खाली सरकवण्याचेही) तसेच. आमच्याकडे गायिका काळी चार-पाचच्या आसपास गातात, गायक काळी एक-दोनमध्ये, आणि निवेदकाचे वाक्य संपायच्या आत गाण्याची पट्टी (मूळ सूर) बदलावी लागते. एक्सपीएसवर तुमचा हात त्या बटणावर आपोआप जातो. नव्या कीबोर्डवर तेच काम किती दाबांत होते आणि प्रीसेट बदलला की ट्रान्सपोज टिकतो की नाही, हे दुकानातच उभे राहून तपासा. ग्राहकाला १,३०० आवाज दाखवणाऱ्याला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आणि एक स्पष्टच लिहितो, राग मानू नका. नव्या कीबोर्डने सुपारीचा आकडा वाढत नाही. मंडळवाले गायकांची नावे, दिव्यांची रोषणाई आणि एकूण कलाकार किती हे पाहून पैसे ठरवतात. तुमची उचल मात्र दर कार्यक्रमातून कापली जाणार आहे. भीमजयंतीचा काळ तेजीचा असतो, पण पावसाळ्यात गणपतीपर्यंत हाताला काम किती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गोदाकाठ (नांदेड):

मी साउंडचा व्यवसाय करतो, त्यामुळे विजेपुरतेच लिहितो. आपल्याकडील कार्यक्रम बहुतांशी जनरेटरवर किंवा तात्पुरत्या जोडणीवर चालतात, आणि मेन्स बदलताना वीज क्षणभर जातेच. साध्या नमुन्यांच्या कीबोर्डला परत उभे राहायला काही सेकंद पुरतात. संगणकासारखी प्रणाली चालवणाऱ्या वाद्याला त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मंचावर फार मोठा असतो. कोणताही महाग कीबोर्ड घेतलात तर सोबत ६०० व्हीएचा लहान यूपीएस घ्या आणि त्यावर फक्त कीबोर्डच लावा, कोणाचा मोबाइल चार्जरसुद्धा नको. मे महिन्यात दुपारी साउंड चेक असेल तर वाद्य वाजवेपर्यंत झाकलेले आणि सावलीत ठेवा. परभणी-नांदेडच्या उन्हात काळ्या पेटीचा पत्रा हाताला चटका देतो, आतल्या प्रोसेसरचे काय होत असेल याची कल्पना करा.

दुरुस्तीचाही विचार व्हावा. यामाहा, कॅसिओ, रोलंड यांच्या पट्ट्यांखालील रबर बदलून देणारे कारागीर आपल्याकडे सापडतात. नव्या प्रकारच्या वाद्याचा मुख्य बोर्ड गेला, तर तो पुण्या-मुंबईला पाठवावा लागेल आणि ऐन हंगामात तुम्ही मोकळ्या हाताने बसाल. त्यामुळे एक्सपीएस विकून हा घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या.

दुधनाकाठ (परभणी):

सर्वांचे मनापासून आभार. एक्सपीएस विकणार नाही, हे गोदाकाठ यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एक बाब मी आधी लिहिली नव्हती. घरी मी स्वतःच्या चालीची भीमगीते ध्वनिमुद्रित करतो आणि त्यासाठी माझ्याकडे एक लॅपटॉप आहे. त्यात आठ जीबी मेमरी आहे. पाणचक्की सरांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी आवृत्ती उतरवून पाहिली, आवाज खरोखरच फार आवडले, परंतु पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि मध्येच कडकड असा आवाज येतो. हे लॅपटॉपच्या ताकदीमुळे आहे की माझ्याकडून काही राहिले आहे? आणि हा दोष घालवता आला, तर स्टेजवरही तोच लॅपटॉप चालेल का?

पासोडी (अंबाजोगाई):

दादा, लॅपटॉप बहुधा पुरेसा आहे. तुम्ही हेडफोन थेट लॅपटॉपच्या जॅकमध्ये लावला असावा. विंडोजचा नेहमीचा ध्वनिमार्ग कीबोर्ड वाजवण्यासाठी बनलेला नाही. बाहेरून जोडायचा साधा दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (संगणकाचा आवाज आत-बाहेर नेणारी छोटी पेटी) घ्या, त्याचा स्वतःचा एएसआयओ (तो नेहमीचा मार्ग टाळून आवाज लवकर पोहोचवणारा) ड्रायव्हर बसवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तो निवडा. मग बफर (आवाज बाहेर पाठवण्यापूर्वी साठवायच्या ध्वनिनमुन्यांची संख्या) २५६ वर ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने २५६ नमुन्यांना सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात, १२८ ला सुमारे २.९. इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ त्यात मिळवला तरी बोटाला उशीर जाणवत नाही. कडकड आली तर बफर वाढवा. उशीर जाणवला तर कमी करा. या दोहोंच्या मधली जागा सापडली की काम झाले.

स्टेजबद्दल विचाराल तर मी अभंग आणि भावगीतांच्या आमच्या कार्यक्रमात लॅपटॉपवरच वाजवते, त्यामुळे 'लॅपटॉपचा भरवसा नाही' हे सरसकट विधान मला मान्य नाही. भरवसा नसतो तो दिवसभर घरातील सगळ्यांनी वापरलेल्या लॅपटॉपचा. स्टेजवरच्या लॅपटॉपवर इंटरनेट बंद, अपडेट बंद, अँटिव्हायरसची तपासणी बंद, झोपी जाण्याची सोय बंद आणि वीज वाचवणारी योजनाही बंद असावी. यूएसबीची वायर टेपने टेबलाला चिकटवलेली असावी, कारण सॉफ्टवेअरपेक्षा ती वायरच अधिक वेळा दगा देते. कार्यक्रमातील सर्व आवाज क्रमाने लावून ठेवावेत आणि मंचावर माउसला हात लावण्याची वेळ येऊ देऊ नये.

हे सगळे करायची शिस्त अंगात असेल, तर इंटरफेस आणि सॉफ्टवेअर मिळून होणारा खर्च या कीबोर्डच्या किमतीचा लहानसा भाग असेल, आणि वर पाणचक्की सरांनी सांगितलेली उणीवही उरत नाही, कारण संपूर्ण व्ही कलेक्शन (आर्टुरियाच्या सॉफ्टवेअर सिंथचा संच) घेतले तर प्रत्येक आवाज मुळापासून उघडता येतो. ज्याला या भानगडी नकोत आणि बटण दाबले की आवाज यावा एवढेच हवे, त्याने तो कीबोर्ड खुशाल घ्यावा. वरचे पैसे त्या निश्चिंतीचे आहेत, आवाजाचे नाहीत.

गंजगोलाई (लातूर):

ताईंचा मुद्दा मला पटतो, तरी एक भर घालतो. अभंगाच्या कार्यक्रमात श्रोते खुर्चीवर बसतात. भीमजयंतीला मंचावर कार्यकर्ते, पाहुणे, हार-तुरे, सत्कार आणि फोटो काढणारे यांची जी रेटारेटी असते, तीत उघड्या लॅपटॉपवर पाण्याची बाटली पडायला वेळ लागत नाही. कीबोर्डवादकाच्या टेबलावर हमखास कोणीतरी शाल आणि नारळ ठेवून जातो. अशा ठिकाणी एकच धातूची पेटी बरी, हे मान्य करावे लागेल. तेव्हा प्रश्न फक्त एवढाच उरतो, की वर्षातील किती कार्यक्रमांत हे सिंथचे आवाज खरोखर लागतात. दर कार्यक्रमात दोन-तीन गाणी असतील, तर ते आवाज घरी सॉफ्टवेअरवर वाजवून त्यांचे नमुने काढावेत आणि एक्सपीएसमध्ये भरून घ्यावेत. देशी टोन ज्या प्रोग्रॅमरकडून भरून घेतले, तोच हेही करून देईल. मींड आणि फिल्टरची जिवंत हालचाल त्यात येणार नाही, पण प्लक आणि पॅड यांचे काम भागेल. अर्धाअधिक कार्यक्रम नव्या गाण्यांचा होऊ लागला तर मात्र उचल घेण्याचा विचार करावा, तोवर नाही.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर):

गंजगोलाई यांचा हा उपाय माझ्या यादीत नव्हता आणि तो सर्वांत स्वस्त आहे. नमुने काढताना दर तीन-चार पट्ट्यांवर एक नमुना घ्या, प्रत्येक सूर पूर्ण विझेपर्यंत धरा आणि रिव्हर्ब बंद ठेवूनच ध्वनिमुद्रण करा. रिव्हर्ब नंतर एक्सपीएसचाच लावावा, म्हणजे नमुने जोडताना शेपट्या तुटल्यासारख्या वाटत नाहीत. पॅडचा नमुना घेताना लूपची (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याची) जागा अशी निवडा, जिथे आवाजातील डोलणे एक पूर्ण फेरी घेऊन परत आलेले असेल, नाहीतर धरलेल्या कॉर्डमध्ये दर दोन सेकंदांनी उचकी ऐकू येते. बाकी प्रोग्रॅमरकडे जाण्यापूर्वी त्याला वेव्ह फाइल कोणत्या सॅम्पल रेटने हव्यात ते विचारून घ्या, आणि प्रत्येक फाइलच्या नावात सुराचे नाव लिहा.